कुत्र्यासाठी गाडीची डिकी: गोव्याच्या पावसात आणि वाळूत टिकेल अशी

डिकीतला मूळचा गालिचा उचलला, तर खाली स्टेपनीच्या खड्ड्यात बोटभर पाणी साचलेलं होतं. वरून सगळं कोरडं दिसत होतं. वास मात्र येत होता, आणि गाडीत कुत्रा बसतो म्हटल्यावर तो वास कुत्र्याचाच असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तो होता गालिच्याखालच्या फेल्टला, म्हणजे दाबलेल्या धाग्यांच्या जाड थराला, आलेल्या बुरशीचा.

गोव्यात कुत्र्यासाठी गाडी तयार करायची तर सुरुवात इथूनच करावी लागते. किनाऱ्यावरून खारं पाणी आणि वाळू येते, शेताच्या बांधावरून तांबडा चिखल येतो, आणि मिरग लागल्यापासून चतुर्थीपर्यंत हवाच इतकी ओली असते की डिकीत शिरलेला ओलावा आपणहून बाहेर पडत नाही. म्हणून कामाला हात घालण्याआधी आम्ही एकच अट ठरवली. डिकीत बसवू ती प्रत्येक वस्तू एका माणसाला दहा मिनिटांत काढून अंगणात उन्हाला लावता आली पाहिजे. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या अटीवरच झाले.

आधी गाडी कोणती ते पाहा. आमच्या हाताखालची गाडी उंच छपराची पाच दरवाजांची हॅचबॅक, आणि कुत्रा २० किलोचा गावठी, खांद्यापर्यंत ५३ सेंटिमीटर उंच. सेदानच्या बंद डिकीत कुत्रा ठेवायचाच नाही, तिथे हवा पोचत नाही. डिकीत सीएनजीची टाकी असेल तरी हे काम करू नये; टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह झाकून वर जनावर बसवणं धोक्याचं आहे. अगदी आखूड गाडीत, म्हणजे सीटच्या पाठीपासून मागच्या दरवाजापर्यंत जेमतेम हातभर जागा असेल तिथे, मागून धडक बसली की पहिल्यांदा दबतो तो हाच भाग. अशा गाडीत कुत्रा मागच्या सीटवर हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) घालून न्यावा, डिकीत फक्त सामान ठेवावं. सीटची सोय पुढे सांगितली आहे.

पहिला दिवस फक्त वाळवण्यात गेला. गालिचा, फेल्ट, स्टेपनी, जॅक सगळं बाहेर काढलं. खड्ड्याच्या तळाशी रबरी बूच असतं, ते काढून पाणी सोडलं. मग पाणी येतं कुठून ते शोधलं: एक जण आत टॉर्च घेऊन बसला, डिकी बंद केली, आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने साधी धार आधी खालच्या कडेवर, मग टेललाइटवर, शेवटी छपराच्या कडेवर सोडली. एका वेळी एकच जागा, प्रत्येक ठिकाणी तीन-चार मिनिटं. प्रेशर पंप वापरू नये, त्याने चांगल्या सीलमधूनही पाणी आत जातं आणि खरी गळती कळत नाही. आमच्याकडे पाणी टेललाइटच्या गॅस्केटमधून येत होतं. लाइट काढला, जुनं गॅस्केट खरवडून नवं बसवलं. दरवाजाच्या रबरात अडकलेली वाळू हे दुसरं नेहमीचं कारण. रबर ओल्या फडक्याने पुसून त्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. खड्ड्यात गंजाचे ठिपके होते, ते तारेच्या ब्रशने घासून झिंक प्रायमर आणि वर रंग मारला.

फेल्ट परत घातलं नाही. गालिचाही नाही. गोचिडांचा विचार केला तर हा सगळ्यात महत्त्वाचा बदल आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. घरात किंवा गाडीतही तिचं सगळं चक्र पुरं होऊ शकतं. गालिच्याची कड आणि चिकटवलेल्या कापडाची घडी यांच्याइतकी चांगली जागा तिला दुसरी मिळणार नाही.

डिकीची जमीन दरवाजाच्या उंबऱ्यापेक्षा १७ सेंटिमीटर खोल होती. म्हणजे कुत्र्याला उंबरा ओलांडून खड्ड्यात उडी मारावी लागते आणि उतरताना परत वर चढावं लागतं. म्हाताऱ्या किंवा कंबर दुखणाऱ्या कुत्र्याला हे नको. ही खोली भरून काढली की वर सपाट जागा मिळते आणि खाली सामानाची. त्यासाठी फळ्यांची बैठक केली.

मापं टेपने घेऊन थेट प्लाय कापू नका. चाकांवरचा फुगवटा, सीटच्या पाठीचा कल, बाजूच्या प्लास्टिकची वळणं यांतलं काहीच सरळ नसतं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आधी त्याचीच बैठक कापली, आत ठेवली आणि डिकीचा दरवाजा बंद करून पाहिला. दरवाजाचं आतलं अस्तर दोन-तीन सेंटिमीटर आत येतं, हे पुठ्ठा चेपल्यावरच कळलं. पुठ्ठा बसला की त्यावरून सगळ्या बाजूंनी १० मिलिमीटर कमी करून रेघ मारायची. ही फट सोडायचीच. पहिल्या खेपेला फळी अगदी घट्ट बसवली होती. पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि जुलैत ती बाहेरच येईना. शेवटी कड कापून काढावी लागली. आमची वरची फळी ९६ बाय ६४ सेंटिमीटर झाली, तुमची वेगळी होईल.

बैठक घातल्यावर वर किती उंची उरते तेही याच वेळी मोजा. जमिनीपासून छताच्या अस्तरापर्यंत ८८ सेंटिमीटर होतं, बैठकीनंतर ७१ उरलं, आणि बसलेल्या कुत्र्याचं डोकं ६६ वर येत होतं. डोकं छताला लागत असेल तर बैठक कमी उंचीची करावी, सामान थोडं कमी मावलं तरी चालेल. मान वाकवून तासभर बसलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी गाडीजवळ यायला तयार होत नाही.

प्लाय १२ मिलिमीटरचा, आणि त्यावर आयएस ७१० (भारतीय मानक) चा छाप असलेला मरीन प्लायच घ्या. दुकानदार आयएस ३०३ चा ‘वॉटरप्रूफ’ म्हणून पुढे करतो. तो स्वयंपाकघरातल्या कपाटाला ठीक आहे. ओला कुत्रा आणि मीठ यांपुढे त्याचे थर दोन पावसाळ्यांत सुटतात. ९ मिलिमीटरचा उडी मारताना दबतो. १८ चा भक्कम असतो, पण मग बैठक एकट्याने उचलत नाही आणि आपली अटच मोडते. चार बाय चार फुटांचा अर्धा तक्ता पुरला. वरची फळी कापून उरलेल्या भागात ६० बाय १५ सेंटिमीटरच्या चार उभ्या पट्ट्या निघाल्या. या पट्ट्या गाडीच्या लांबीच्या दिशेने, समान अंतरावर, वरच्या फळीखाली पायांसारख्या लावल्या. त्यांच्यामध्ये साधारण ३० सेंटिमीटरचे तीन खण झाले. प्रत्येक पट्टीला ५० मिलिमीटरची तीन भोकं होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडली. वजन कमी होतं आणि एका खणातली हवा दुसऱ्या खणात फिरते. सगळी बैठक रबरासकट १२ किलोच्या आत राहिली.

कापायचं काम मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करून घ्या, त्याच्या टेबल-सॉवर अर्ध्या तासात होतं आणि कडा सरळ येतात. जोडणी मात्र स्वतः करा, कारण त्यात घाई चालत नाही. जोडाला वॉटरप्रूफ सरस आणि ३५ मिलिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे स्क्रू, दर १५ सेंटिमीटरवर एक. आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारला तर प्लायची कड फाटते. पिवळसर चकाकीचे साधे स्क्रू स्वस्त पडतात, पण खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात त्यांची डोकी गंजून सपाट होतात, मग काढणंही मुश्कील. दुकानात लोहचुंबक घेऊन जावं. ३०४ चा स्क्रू चुंबकाला चिकटत नाही, फार तर किंचित ओढला जातो. झटकन चिकटला तर तो ३०४ चा नव्हे.

रंगाच्या बाबतीत सगळी चूक कडांवर होते. प्लाय पाणी पितो तो वरून नाही, कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकांतून. म्हणून आधी कडांना आणि भोकांना पातळ केलेलं पॉलियुरेथेन पाजायचं, जिरलं की परत, असं तीनदा, आणि मग सगळ्या बाजूंना दोन हात. खालची बाजू दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका. एका बाजूला रंग आणि दुसरीला नाही असं झालं की फळी वाकते. पावसाळ्यात हे काम करू नये. हवेतला ओलावा बसून रंग दुधाळ होतो आणि वाळायला आठवडा घेतो. डिसेंबर ते एप्रिल ही या कामाची वेळ.

वर काय घालावं यावर आम्ही तीन गोष्टी करून पाहिल्या. काथ्याची चटई पाय घट्ट धरते, पण एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि वाळू तिच्यात कायमची राहते. योगाची चटई नखांनी महिनाभरात सोलली. टिकली ती ३ मिलिमीटरची, बारीक रेघांची रबर शीट. ती फळीला चिकटवू नये. चार कोपऱ्यांना आणि मध्ये दोन ठिकाणी व्हेल्क्रो लावला की ती ओढून काढून नळाखाली धुता येते. नव्या रबराला उग्र वास असतो, तीन-चार दिवस उन्हात टाकून मग आत घालावी. आणि तिच्यावर जुनी चादर घालायचा मोह टाळा. चादर सरकते, कुत्र्याचे पाय तिच्यासोबत सरकतात, आणि वळणावर तो सगळं अंग ताठ करून उभा राहतो. घाटात कुत्रे ओकतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं. पाय न सरकणारी जागा मिळाली की तो आडवा होतो, आणि आडवा झालेल्या कुत्र्याला चोर्ला घाटही जड जात नाही. प्रवासाआधी तीन-चार तास खाणं मात्र द्यायचं नाही.

खालच्या खणांत आधी चॅनेलवरचे ड्रॉवर बसवले होते. ते काढून टाकले. चॅनेलच्या छऱ्यांत वाळू गेली की ड्रॉवर मध्येच अडकतो, आणि समुद्राची वाळू कितीही झाडली तरी जातेच. त्याऐवजी प्रत्येक खणात एक साधा प्लास्टिकचा क्रेट, २७ सेंटिमीटर रुंद, १३ उंच. क्रेटखाली ईव्हीए फोमच्या दोन पट्ट्या घातल्या की खडखड थांबते. क्रेट मागे सरकून दरवाजावर आदळू नये म्हणून खणांच्या तोंडावर एक आडवी पट्टी, ती दोन फिरत्या खिट्ट्यांनी धरलेली. हे बरोबर जमलंय का, ते रायबंदरच्या फेरीबोटीवर लगेच कळतं. गाडी रॅम्पवर चढताना नाक वर होतं, आणि क्रेट जिथे सुटे असतील तिथे दणकन आवाज येतो.

उजवा क्रेट ओल्याचा: दोन पंचे, लीश, बूट पुसायचं फडकं. याच्या तळाला भोकं पाडली आहेत आणि घरी आल्यावर तो बाहेर काढायचाच असा नियम आहे. जाड टॉवेलपेक्षा पंचा चांगला, पटकन पिळतो आणि पटकन वाळतो. मधला क्रेट पाण्याचा आणि खाण्याचा. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, उन्हात याच्या दुप्पटही, म्हणजे २० किलोच्या कुत्र्यासाठी दिवसभराच्या प्रवासाला दोन ते अडीच लिटर तरी जवळ हवं. कोरडं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन दिवसांपुरतंच. उघड्या पाकिटात ते दमट होतं, मुंग्या लागतात, आणि बंद गाडीच्या उष्णतेत त्यातली चरबी खवट होते. डावा क्रेट औषधांचा: गॉझ, क्रेप बँडेज, पोव्हिडोन आयोडिन, सलाइनची बाटली, बारीक टोकाचा चिमटा, छोट्या बाटलीत स्पिरिट, आणि लसीकरणाच्या कार्डाची प्रत. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीला लागून धरायची, पिळा न देता सरळ ओढायची आणि स्पिरिटमध्ये टाकायची. माणसांच्या पेनकिलर या क्रेटमध्ये ठेवूच नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

बैठक तयार झाली तरी कुत्रा तिला बांधायचा नसतो, हे नीट लक्षात घ्या. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून थांबली आणि २० किलोचा कुत्रा अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवायचा म्हटला, तर त्याला बांधलेल्या पट्ट्यावर सरासरी ३९० किलोच्या आसपास ओढ येते. प्लायमध्ये मारलेला कुठलाही आय-बोल्ट एवढा भार घेणार नाही. हेडरेस्टच्या दांड्याही नाहीत. त्या वर ओढल्या की निघूनच येतात. बांधायचं ते गाडीच्याच मूळच्या लोखंडाला. मागच्या सीटच्या पाठीला मागून, लहान मुलांच्या सीटचा वरचा पट्टा अडकवण्यासाठी एक जाड कडी असते, तिला टॉप टेदर म्हणतात. ती एका मुलासकट सीट धरून ठेवण्यासाठी दिलेली आहे. आम्ही पट्टा तिथे लावला. सीटची पाठ खटकन आवाज येईपर्यंत खुंटीत बसली आहे ना ते दर वेळी हाताने हलवून बघायचं, कारण पाठ सुटी असेल तर कडीचा उपयोग नाही.

पट्टा २५ मिलिमीटर रुंदीचा, पॉलिएस्टरचा घेतला. नायलॉन ओला झाला की ताणतो, पॉलिएस्टर कमी ताणतो. शिवण चौकोनात फुली अशी, पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याने, ताडपत्री शिवणाऱ्याच्या मशीनवर. साधा सुती दोरा खाऱ्या पाण्यात कुजतो आणि तो कुजलेला दिसतही नाही, कारण वरून पट्टा धडधाकट असतो. लीशच्या टोकाला असतो तसा ओतीव धातूचा चकचकीत हूक इथे चालणार नाही, झटक्यात तो काचेसारखा तुटतो. स्क्रूने बंद होणारा स्टेनलेस स्टीलचा कॅराबिनर (उघड-बंद होणारी कडी) किंवा शॅकल (आडव्या खिळीची यू-आकाराची कडी) लावा. मालिम, कुटबण, शापोरा अशा जेटींच्या बाजूला मासेमारीचं सामान विकणाऱ्यांकडे असला माल पाहायला मिळतो, आणि तो खाऱ्या पाण्यासाठीच बनवलेला असतो.

पट्ट्याची लांबी ठरवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कुत्रा बसेल, आडवा होईल, स्वतःभोवती एक वळण घेईल इतका मोकळेपणा हवा. पण पुढचे पाय उंबऱ्याबाहेर जाता कामा नयेत आणि डोकं सीटच्या पाठीवरून पलीकडे जाता कामा नये, नाहीतर पट्टा सीटवर अडकून गळफास बसतो. आमच्या कुत्र्याला कॅराबिनरसकट ४० सेंटिमीटर बरोबर आले. ताणणारे रबरी पट्टे घेऊ नका. आणि पट्टा हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. हार्नेस छातीवर रुंद पट्टी असलेला हवा. २०१३ साली अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने हार्नेसच्या धडक-चाचण्या घेतल्या तेव्हा त्यांतले बहुतेक नापास झाले होते, तेव्हा पाकिटावर ‘कार सेफ्टी’ छापलंय यावर विसंबू नका. शिवण उलटून बघा, आणि प्लास्टिकच्या बकलवर सगळा भार येत असेल तर तो हार्नेस फक्त फिरायला नेण्यापुरता.

बैठकही बांधायला हवी. धडकेत १२ किलोची फळीही उडते. डिकीच्या जमिनीत सामान बांधायच्या कड्या असतील तर त्यांतून दोन कॅम-बकलचे (ओढून आवळायच्या चापाचे) पट्टे घालून बैठक आवळावी. कड्या नसतील तर पट्टा मागच्या सीटच्या बिजागरीच्या लोखंडी पट्टीतून घेता येतो. गाडीच्या जमिनीत भोक मात्र पाडू नका. खाली पेट्रोलची टाकी असते, वायरिंग असतं, आणि तसं काही नसलं तरी पाडलेलं प्रत्येक भोक खाऱ्या हवेत गंजाचं तोंड होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, हेही आहेच. पट्ट्यांनी आवळलेली सुटी बैठक म्हणजे नुसतं सामान.

सीट आणि डिकीच्या मधल्या जागेत ५ सेंटिमीटर भोकांचं जाड नायलॉनचं जाळं लावलं, वर हेडरेस्टच्या दांड्यांना आणि खाली पट्ट्यांच्या कड्यांना. कुत्रा पुढे येऊ नये एवढंच त्याचं काम. धडकेत थांबवतो तो पट्टा. छताच्या कडेला काहीही बांधण्याआधी खांबांवर ‘एअरबॅग’ लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर त्या कडेला दोरी, जाळं, हूक काही नको, कारण पडदा-एअरबॅग तिथूनच खाली उघडते.

उंबऱ्यावरचा रंग नखांनी जातो आणि तिथूनच गंज सुरू होतो. ९० बाय ६० सेंटिमीटरची जाड कॅनव्हासची झडप शिवून बैठकीच्या कडेला व्हेल्क्रोने लावली. चढताना-उतरताना ती बंपरवर सोडायची, एरवी घडी करून आत.

सीटवर न्यायचं असेल तर हाच कॅनव्हास १४० बाय १५० चा घेऊन पुढच्या आणि मागच्या हेडरेस्टना झोळीसारखा बांधतात. सीटची पाठ आणि बसायची गादी यांच्या फटीत कापड टिकत नाही, वर सरकतं. त्यावर सोपा इलाज म्हणजे कापडाला मागून दोन फास शिवून त्यांत २५ मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटर लांब तुकडा घालायचा आणि तो फटीत दाबून आडवा करायचा. ओढलं तरी निघत नाही. सीटबेल्टच्या बकलांसाठी चिरा ठेवायला विसरू नका, पट्टा तिथेच लागणार आहे.

हवेकडे फार कमी लोक लक्ष देतात. लहान गाड्यांत मागे एसीची झडप नसते, आणि पुढे आपल्याला गार वाटत असताना डिकीत वेगळंच हवामान असतं. वायर असलेला छोटा थर्मामीटर घेऊन त्याचा सेन्सर कुत्र्याच्या डोक्याच्या उंचीवर लावा, आकडा समोर दिसू द्या. मागे चार-पाच अंश जास्त निघाले. डिकीवरचा पार्सल-ट्रे काढून टाकला आणि जाळ्याला लागून एक यूएसबी पंखा पुढची हवा मागे ढकलेल असा लावला, मग फरक दोनवर आला. वायर रबराखालून नेऊ नये, नखांनी ती सोलली जाते. बाजूच्या प्लास्टिकच्या कडेने न्यावी. कुत्रा घामाने नाही, धापा टाकून अंग थंड करतो, आणि हवा दमट असली की धापांनी तेवढा गारवा मिळत नाही. पणजीत मे महिन्यातले ३४ अंश कोरड्या मुलखातल्या ३४ पेक्षा त्याला जास्त जड जातात.

म्हणूनच बंद गाडीत कुत्र्याला ठेवून दुकानात जाऊ नका. उन्हात उभी गाडी पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी तापते, आणि काच चार बोटं उघडी ठेवून फारसं काही साधत नाही. मागच्या काचेवर काळी फिल्मही लावता येत नाही. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. पुठ्ठ्याचा साचा करून चंदेरी बबल-शीटचे तुकडे कापले, ते फक्त गाडी उभी असताना काचेला लावायचे. त्याने कुत्रा आत ठेवण्याजोगी गाडी होत नाही. परत आल्यावर रबर शीट पाय पोळण्याइतकी तापलेली नसते, एवढंच. आधी तळहात टेकवून बघा, मग त्याला चढवा.

किनाऱ्यावरून निघताना धुवायला ५ लिटरचा फवारणीचा हातपंप घ्या, आणि तो नवाच घ्या. काजूवर किंवा सुपारीवर औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी कुत्र्यावर वापरायचा नाही. तीन लिटरमध्ये चारही पाय आणि पोट निघतं: आधी बोटांच्या मधली वाळू, मग पोट, शेवटी शेपूट. पंप दिवसभर गाडीत राहिला असेल तर पाणी चटका देतं, आधी मनगटावर घ्या. मीठ कातडीवर राहिलं की तो रात्रभर पाय चाटतो आणि बोटांमध्ये जखमा होतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे कासवांचे किनारे. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे कुत्रा लीशशिवाय सोडूच नये, घरटं उकरायला त्याला काही क्षण पुरतात.

सगळं बसल्यावर कुत्रा चढवण्याआधी २० किलो वाळूची गोण घेतली, पट्ट्यांनी आवळून तिला तोच कॅराबिनर लावला, आणि मोकळ्या मैदानावर ताशी ३० वरून जोरात ब्रेक मारला. तीनदा. पहिल्या खेपेला बैठक दोन सेंटिमीटर पुढे सरकली, पट्टे आवळून घेतल्यावर थांबली. क्रेटची एक खिट्टी आपोआप फिरली, तिच्याखाली रबराचा वॉशर घातला. ही चाचणी धडकेची नाही, पण काय सुटं राहिलंय ते दाखवते. त्यानंतर कुत्र्याला उभ्या गाडीत दोन-तीन दिवस नुसतं चढवून-उतरवून, आत खाऊ देऊन सवय केली. पहिला प्रवास दहा मिनिटांचाच.

हार्नेस सोडून सगळा खर्च सात हजार रुपयांच्या आसपास आला, त्यात सगळ्यात मोठा वाटा प्लायचा.

देखभाल आठवड्याची आहे. रबर शीट काढून माडाच्या हिरांच्या झाडूने आधी कोरडी झाडायची, मग धुवायची; ओल्या वाळूवर पाणी मारलं तर ती रेघांत बसते. केस व्हॅक्यूमने निघत नाहीत. रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढला की त्यांची वळकटी होऊन येते. पट्टा आणि कॅराबिनर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचे, स्क्रूत मीठ साचलं की तो अडकतो. पट्ट्याच्या कडेचे धागे सुटायला लागले की पट्टा बदलायचा, पुन्हा शिवायचा नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, ऊन पडेल त्या दिवशी, बैठक बाहेर काढायची, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघायचं, आणि दोन तास डिकी उघडी ठेवायची.